गिरणी संपाच्या साक्षी: कापून दाखवायच्या की अखंड ठेवायच्या?

मागखाते: १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या मुंबईच्या कापड गिरणी संपावर दीड तासाचा माहितीपट काढायचा आणि त्यात वीस माणसं बसवायची, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं. मग कापलं काय जातं? बदलीचं काम (गैरहजर कामगाराच्या जागी एका दिवसापुरतं) कसं मिळायचं, जॉबरचा म्हणजे मुकादमाचा वशिला, खानावळवालीची उधारी. उरतो हुंदका आणि ‘डॉक्टरसाहेब’, म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंत. याला इतिहास म्हणू नका. मुलाखती अखंड जपा, फिल्म नंतर.

कात्री: चाळीस तासांच्या टेपा बघणार कोण? तासाभराचं बोलणं उतरवायलाच पाच-सहा तास जातात, मालवणी आणि घाटी बोली असली तर जास्तच. शिवाय तुटलेला धागा कसा जोडायचात हे विणकराला विचारा, उत्तर बोटं देतात. ते कागदावर कुठून येणार? कापण्यात गुन्हा नाही. गुन्हा आहे कापलेली जागा जुन्या चित्रणाखाली झाकण्यात. बोलणं १९८२चं आणि वर मोर्चा १९७४च्या संपातला, ही सरळ फसवणूक. कापल्या जागी चित्र उडी मारतंय ना, मारू दे. आणि प्रश्न कापू नका. ‘हो, उपाशी राहिलो’ हे कुठल्या प्रश्नावरचं उत्तर, ते ऐकू आलंच पाहिजे.

मागखाते: आणि ‘संपामुळे गिरण्या गेल्या’ हे वाक्य? तेवढंच ठेवलं की जमिनीचा व्यवहार गायब. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला गिरण्यांच्या जमिनीबद्दलचा ५८वा नियम, २००१मध्ये त्यात झालेला बदल, त्या जमिनीतले महापालिका आणि म्हाडाचे आक्रसलेले वाटे, हे साक्षीदाराने सांगावं अशी अपेक्षा आहे का?

टिपणवही: नाही. पण वाक्य कापूही नका. इटलीत तेर्नीला लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मेला. पुढे अनेकांनी तो मृत्यू १९५३च्या कामगारकपातीच्या लढ्यात नेऊन बसवला. तिथल्या लोकांच्या आठवणी नोंदवणारे इतिहासकार आलेसांद्रो पोर्तेल्ली यांनी ही चूक खोडली नाही, तिच्यातूनच लोकांना काय खुपत होतं ते वाचलं. पडद्यावर खरी तारीख द्या, आवाज तसाच राहू द्या.

बूमवाला: वाद नंतर, आधी ऐकू तरी येऊ दे. दहा बाय दहाच्या खोलीत पंखा बंद करा, त्याची घरघर आवाजातच मिसळते, मागून धड निघत नाही. लेपल माईक, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माईक, हनुवटीखाली वीतभर. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. उठण्यापूर्वी अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, जोडणीला लागतो. ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद, नाहीतर चित्रावर पट्टे सरकतात. बाईंची मुलाखत नवऱ्यासमोर घेऊ नका, निम्मी उत्तरं तो देतो आणि उरलेल्या निम्म्यांना ‘यांनाच विचारा’. संमती तीन वेगळ्या ओळींवर: जपणूक, फिल्म, इंटरनेट. एकच सही घेतली की फिल्मला दिलेला होकार यूट्यूबवर खपवला जातो.

मागखाते: संमतीचं पटलं. पण सेकंदाला ५० मेगाबिटने घेतलेलं एक तासाचं चित्रण म्हणजे साधारण साडेबावीस जीबी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. ज्यांनी फिल्मसाठी वर्गणी काढली, त्यांनी हार्ड डिस्कसाठी काढली आहे का?

कात्री: काढतील. फिल्म बघितली तर.