१ मे आणि फोमचे वडापाव

जोगळेकर ए-३०२: सेक्रेटरीसाहेब, वॉचमनच्या टेबलावर उशीएवढे दोन वडापाव पडलेत. १ मेला हे डोक्यावर घालून झेंडावंदन करायचं का आम्ही?

सेक्रेटरी: नमस्कार काका. झेंडावंदनाला नाही, नंतरच्या मिरवणुकीला. सध्या नमुन्याचे दोनच आणलेत.

कदम बी-१०४: खर्च कुठल्या हेडखाली?

तन्मय सी-५०१: काका, आयडिया माझी. अमेरिकेत विस्कॉन्सिन हे दूध-चीजचं राज्य. शेजारचे इलिनॉयवाले तिथल्या लोकांना ‘चीजहेड’ म्हणून चिडवायचे. १९८७ला राल्फ ब्रूनो नावाच्या माणसाने आईच्या सोफ्यातला फोम कापून चीजचा तिकोनी तुकडा केला आणि तोच घालून बेसबॉलची मॅच बघायला गेला. आता ग्रीन बे पॅकर्स या तिथल्याच अमेरिकन फुटबॉल टीमचे फॅन्स तशाच टोप्या घालून स्टेडियमवर असतात. २०२३ला त्या टीमने टोप्यांची कंपनीच विकत घेतली.

सावंतकाकू: आईचा सोफा कापलान? आणि ती गप ऱ्हवली?

तन्मय सी-५०१: काकू, सोफा नव्याने भरायला काढला होता 😄

देशपांडे सी-२०३: पण वडापाव म्हणजे अख्खा महाराष्ट्र का? नागपुरी संत्र्याले २०१४ पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का आहे. गोल आहे, डोक्यावर बसते बी बरोबर.

सावंतकाकू: मगे हापूस खंय गेलो? सीझन कोणाचो आसा?

पाटील बी-६०२: आमच्या कोल्हापुरात डोक्याला फेटा बांधत्यात. फळं टोपलीत ठेवत्यात.

कदम बी-१०४: परत विचारतो. खर्च कुठल्या हेडखाली?

जोगळेकर ए-३०२: वडापाव दादर स्टेशनबाहेर सुरू झाला तो १९६६च्या सुमारास. राज्य १९६०चं. त्यात पाव पोर्तुगीजांचा, बटाटाही त्यांनीच आणलेला. कसला डोंबलाचा अभिमान!

तन्मय सी-५०१: मिरचीपण त्यांनीच आणली काका. टोपीवर ठेवू की काढू?

जोगळेकर ए-३०२: तुझे बाबा या ग्रुपवर आहेत ना?

सेक्रेटरी: कदमसाहेब, वर्गणीतून. मेंटेनन्सला हात लावलेला नाही.

कदम बी-१०४: कुठली वर्गणी? गणपतीची उरलेली? तो हिशोब अजून बोर्डावर लागलेला नाही.

खजिनदार: ऑक्टोबरमध्येच लागलाय. बोर्डासमोर तुमची गाडी असते, त्यामुळे दिसला नसेल.

कदम बी-१०४: पार्किंग इथे आणू नका. साधा प्रश्न आहे. खर्च कुठल्या हेडखाली?

देशपांडे सी-२०३: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

सावंतकाकू: वाचलंय हां मी, देशपांडे.

देशपांडे सी-२०३: चुकून आला जी. दुसऱ्या ग्रुपचा होता.

पाटील बी-६०२: माझं नाव होतं की त्यात 🙏

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला. ४० टोप्यांची ऑर्डर उद्या द्यायची आहे. हरकत असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत लेखी कळवा.

कदम बी-१०४: लेखीच विचारतोय सकाळपासून.

सावंतकाकू: तन्मय, मी आताच खाली जाऊन टोपी घालून बघितली. आतला फोम कपाळाला टोचतो, मे महिन्यात पोरं घामाने भिजतील. घरी जुनी सुती साडी आहे, तिचं अस्तर लावून देते. रविवारपर्यंत वर पाठव सगळ्या. आणि ती मिरची एकाच टाक्यावर लोंबतेय, सुई-दोरा घेऊन तूपण ये.