डोंगर पुन्हा हिरवा होतो आहे: पावसामुळे की चराईबंदीमुळे?

प्रश्न (मावळवाट)

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात आहे. गावामागच्या डोंगराच्या निम्म्या भागावर ग्रामसभेने काही वर्षांपूर्वी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली आणि उरलेला भाग गुरांसाठी मोकळा ठेवला. बंदीच्या भागात आता करवंदीच्या जाळ्या दाट झाल्या असून हिरडा, आपटा, गेळा यांच्या जुन्या खुंटांना फुटवे आले आहेत. तरीही अनेकांचे म्हणणे असे, की २०१९ सारखी भरपूर पावसाची वर्षे मिळाली म्हणून डोंगर सुधारला, बंदीचा त्यात काही वाटा नाही. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिल्यावर लावलेली रोपे वाळली, तेव्हा हवामानच बदलले आहे तर बंदी ठेवून उपयोग काय, असेही विचारले जाते. बंदी पुढे चालू ठेवायची का, हा विषय लवकरच ग्रामसभेत येणार आहे. पावसाचा परिणाम आणि माणसाचा परिणाम वेगवेगळा कसा ओळखावा?

प्रतिसाद १ (करवंदीची जाळी)

आपल्याकडे तुलनेसाठी सर्वांत मोलाची गोष्ट आधीच आहे, ती म्हणजे मोकळा ठेवलेला निम्मा डोंगर. पाऊस दोन्ही भागांवर सारखाच पडला. तेव्हा उताराची दिशा आणि मातीची खोली सारखी असलेल्या जागा दोन्हीकडे निवडून पाहिल्यास जो फरक दिसेल, तो मुख्यतः माणसाच्या व गुरांच्या वागण्याचा असेल. मात्र ही पाहणी पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरमध्ये करू नये, कारण तेव्हा सगळा सह्याद्रीच हिरवा असतो. एप्रिलमध्ये डोंगर चढावा.

त्या वेळी फुटवे आणि बियांपासून उगवलेली रोपे यांची नोंद वेगळी ठेवावी. जुन्या खुंटाची मुळे खोल गेलेली असतात, त्यामुळे पावसात दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तरी तो तग धरतो. त्याला मारते ती दरवर्षीची तोड, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) ओरबाडलेल्या फांद्या आणि वणवा. म्हणून फुटव्यांची वाढ हा बंदीचा बऱ्यापैकी विश्वासार्ह पुरावा आहे. कोवळ्या रोपाचे तसे नसते. त्याचे मूळ वरच्या वीतभर मातीतच असल्याने पावसाळ्यातला असा खंड त्याला मारायला पुरतो. २०२३ चा ऑगस्ट देशभराच्या सरासरीत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्या वर्षी रोपे वाळली यात नवल नाही आणि त्यावरून बंदी निष्फळ ठरत नाही. करवंदीच्या जाळीच्या आत वाकून जरूर पाहावे: पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची रोपे तेथे सावलीत, गुरांच्या तोंडापासून सुरक्षित वाढताना दिसतात.

एका धोक्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. चराई थांबली की गवत उभे राहते, आणि उभे वाळलेले गवत म्हणजे वणव्याचे इंधन. हिवाळ्यानंतरचे महिने जितके उष्ण व कोरडे, तितका तो वेगाने पसरतो. पण आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसानेच लावलेले असतात, जाळले की गवत जोमाने येते या समजुतीपोटी किंवा बांधावरची आग आवरली नाही म्हणून. एक वणवा अनेक वर्षांचे फुटवे जमिनीलगत आणून ठेवतो. त्यामुळे बंदीबरोबर गवत कापून नेण्याची मुभा आणि दरवर्षी वेळेत काढलेली जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा) हवीच. त्यात गुरे असलेल्या घरांचेही हित आहे.

प्रतिसाद २ (नकाशेवाला)

वरील पाहणीला उपग्रहचित्रांची जोड देता येईल. लँडसॅटची ३० मीटर तपशिलाची चित्रे १९८० च्या दशकापासून आणि सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रे २०१५ पासून विनामूल्य मिळतात. तालुक्याच्या पावसाच्या नोंदी घेऊन साधारण सारख्या पावसाची दोन वर्षे निवडावीत, एक बंदीपूर्वीचे व एक नंतरचे, आणि त्यांची एप्रिलमधली चित्रे शेजारी ठेवावीत. एवढे लक्षात असू द्यावे, की उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, जंगल दिसत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात भारतातील वाढलेल्या हिरवाईपैकी सुमारे ८२ टक्के वाटा शेतीचा आढळला होता. घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या, फोफावणाऱ्या तणांचे रानही वरून हिरवेच दिसते.

मावळवाट

दोघांचे आभार. आणखी एक शंका आहे. डोंगराच्या माथ्यावरच्या उघड्या भागात गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, एक परदेशी झाड) लावावे असा प्रस्ताव आला आहे. ते लवकर वाढते आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत, असे सांगितले जाते.

प्रतिसाद ३ (माळरान)

माझा या प्रस्तावाला विरोध आहे. चीनच्या लोएस पठारावर १९९९ पासून शेतजमिनी मागे घेऊन प्रचंड प्रमाणात झाडे व गवत लावले गेले. धूप कमी झाली, हिरवे आच्छादन जवळजवळ दुप्पट झाले, पण लागवड तेथील पाण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचल्याचा इशारा संशोधकांनी २०१६ मध्ये दिला. आपल्याकडे पाऊस त्याहून पुष्कळ जास्त आहे, परंतु तो चार महिन्यांत पडतो आणि त्याचे स्वरूपही बदलते आहे: पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवल्याप्रमाणे मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अशा पावसात पातळ मातीच्या माथ्यावर खड्डे खणून माती मोकळी करणे, म्हणजे ती ओढ्यात जाऊ देणे होय. तेथील मातीला गवताची मुळे धरून ठेवतात. गिरिपुष्पाच्या दाट सावलीत गवत मागे हटते, आणि झाडाची पाने तर ऐन कोरड्या दिवसांत गळून जातात.

माथ्यावर मारवेल किंवा पवन्या ही चांगल्या चाऱ्याची गवते दिसत असतील तर तो भाग सुधारतो आहे असे समजावे. नुसती कुसळी (टोकदार कुसळांचे हलके गवत) आणि तिच्याहूनही हलके गवत असेल तर चराईचा ताण अजून ओसरलेला नाही. दोन्ही परिस्थितींत लागवडीचा खर्च जाळरेषा आणि राखणदाराच्या मजुरीकडे वळवावा, आणि बी धरून पडल्याशिवाय गवत कापू नये, एवढी अट ठरावात घालून घ्यावी.