'मेड इन जपान'मधली लांबण

'स्पेस ट्रकिन' चार-साडेचार मिनिटांचं गाणं वीस मिनिटं ताणलंय, म्हणून डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम कंटाळवाणा, असं काही जण म्हणतात; ते त्या एका गाण्यापुरतं मान्य. मधला भाग मीही पुढे ढकलतो. पण अख्ख्या अल्बमची किंमत त्यावरून ठरवू नका. ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाका-टोकियोच्या तीन रात्रींचं हे रेकॉर्डिंग.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'चा शेवट नीट ऐका. गिटारवादक ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गायक गिलन तोच गळ्यातून परत देतो, आणि पट्टी चढत जाते. आमच्या कुडाळकडे डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, रात्रभर बसलेल्याला यातली मजा समजावून सांगावी लागत नाही. स्टुडिओतल्या गाण्यात ही जुगलबंदी नाहीच!