वर्षअखेरीचं घरचं पत्र: नवऱ्याची नोकरी गेल्याचं लिहावं का?

दरवर्षी डिसेंबरच्या सुट्टीत मी नातेवाईक आणि मित्रमंडळींना एक पत्र पाठवते. एकच पान, वर्षभराच्या घडामोडी, चार फोटो. साठेक जणांना जातं. गेल्या वर्षीचं काल पुन्हा वाचलं आणि लाजच वाटली. लेकीचं पदक, नवी गाडी, सहल... पत्र कसलं, प्रगतिपुस्तक! एका मावसबहिणीने तेव्हा विचारलंही होतं, "तुमच्याकडे दूध कधी उतू जात नाही का गं?"

यंदा गेलं. मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी सुटली. सहा महिने घरी होता, आता दुसरी लागलीय, पगार कमी. हे वगळलं तर पत्र खोटं वाटतं. लिहिलं तर साठ फोन, त्यातले निम्मे सल्ला द्यायला. नवरा म्हणतो "तुला हवं ते लिही", पण तो सूर मी ओळखते.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धुरकट जातात, आणि दोन काकांना पत्र छापूनच लागतं. काय करू?

प्रतिसाद: नोकरीचं दोन ओळींत लिहा, पण पाठवण्याआधी नवऱ्याला वाचायला द्या. ते खोडतील ते खोडलंच समजा, बातमी त्यांची आहे. शेवट "आता दुसरीकडे रुजू झालाय" असा करा, काळजीचे फोन कमी येतील. जवळच्यांना जास्त सांगायचं असेल तर वेगळं लिहा, साठ जणांत नको. यंदाही लेकीचं पदक असेल तर जरूर लिहा, फक्त त्याआधी ती किती वेळा हरली तेही येऊ द्या.

फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जाते. छापायला १० बाय १५ सेंमीच्या फोटोला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत. ईमेल करणार असाल तर पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. नाहीतर कुणीतरी सगळ्यांना उत्तर धाडतं आणि मग आठवडाभर तेच.

मूळ प्रश्नकर्ती: दाखवलं त्याला. "पगार कमी" खोडलं. म्हणाला, "सहा महिने लेकीला रोज शाळेत मी सोडलं, ते लिही की." पत्राची पहिलीच ओळ मिळाली! बाकी, जीमेलच्या अ‍ॅपमध्ये ते बीसीसी आहे कुठे?

प्रतिसाद: पत्ता टाकता त्याच ओळीच्या टोकाला खाली तोंड केलेला बाण आहे, तो दाबा.