होमस्कूलिंग, घरून काम आणि रोजची उपासना: दिवसाची घडी कशी बसवायची?

ओवी

मुलं दोन, वयं ५ आणि ९. दोघांचंही होमस्कूलिंग. घरून अर्धवेळ काम, रोज चार तास, अधूनमधून ऑनलाइन मीटिंग. उपासना आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि दिवस घसरला की पहिली गळते तीच. तासातासाचं वेळापत्रक केलं तर एक विषय लांबतो आणि पुढचं सगळं कोलमडतं. क्रम कसा लावावा, कामाचे तास कुठे बसवावेत आणि मुलांचं पाठांतर टिकवायचं कसं? जाणकारांनी नेमकं सांगावं.

पाटीवाली

ओवी, वेळापत्रक घड्याळाला बांधू नका, घटनेला बांधा. न्याहारी आटोपली की उपासना, उपासना झाली की लगेच गणित. न्याहारीला अर्धा तास उशीर झाला तर सगळी साखळीच अर्धा तास पुढे सरकते, पण तुटत नाही. उपासना साखळीच्या तोंडाशीच ठेवा. 'काम झाल्यावर निवांत करू' म्हटलं की ती राहतेच.

अभ्यासाला आधी धाकट्याला घ्या. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण लक्ष मिळालं की तो एकटा खेळायला राजी होतो. उलट क्रमात मोठ्याच्या भागाकारात दर दोन मिनिटांनी व्यत्यय येतो. आठ वर्षांखालच्या मुलांचा धडा सहसा वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये, हे इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय आणि ते आजही तंतोतंत लागू पडतं. गोष्टी, इतिहास, निसर्ग यांचं वाचन मात्र दोघांना एकत्र. एकदाच वाचायचं, मग ऐकलेलं त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं. पाच वर्षांच्या मुलाला एका परिच्छेदानंतर थांबवा, नऊच्या मुलाला दोन-तीन पानांनंतर. सांगताना मध्येच चुका दुरुस्त करू नका, नाहीतर मूल तुमच्या तोंडाकडे बघत बोलायला लागतं.

चार तास सलग मिळतील हे गृहीतच धरू नका. दीड तास मुलं उठायच्या आधी, दीड तास दुपारच्या शांत वेळेत, एक तास घरात दुसरं मोठं माणूस असताना. डोकं लागणारं काम पहिल्या तुकड्यात, ईमेल आणि किरकोळ कामं दुपारी, मीटिंग शक्यतो तिसऱ्यात. प्रत्येक तुकडा संपताना दोन ओळी लिहून ठेवा: कुठे थांबले, पुढची पायरी कोणती. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं आणि पुढच्या कामावर लक्ष बसत नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये यावर संशोधन मांडलं होतं. त्या दोन ओळी लिहिल्या की मुलांपाशी बसताना मन रिकामं असतं.

दीपमाळ

पाठांतराबद्दल. पत्त्यांची, म्हणजे पाठांतराच्या छोट्या कार्डांची, पेटी करा. मूळ कल्पना विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांची, १९७०च्या दशकातली. एका लांबट डब्यात ४१ दुभाजक लावायचे: 'रोज' १, 'सम' आणि 'विषम' मिळून २, वारांचे ७, तारखांचे ३१. एका पत्त्यावर एकच श्लोक, वचन किंवा प्रार्थनेचं कडवं. नवं ते 'रोज'मध्ये. न अडखळता येऊ लागलं की सम किंवा विषम तारखेत, तिथे दोन-तीन आठवडे टिकलं की एखाद्या वारात, शेवटी महिन्यातल्या एका तारखेत. अडखळलं की एक पायरी मागे, न रागावता. दर दिवशी फक्त चार कप्पे उघडतात, त्यामुळे पत्ते शंभरावर गेले तरी दहा मिनिटांत आटोपतं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. 'रोज'मध्ये एका वेळी दोन-तीन नवे पत्ते घातले की एकही पक्कं होत नाही. आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं की धाकटा अर्धा शब्द मागून ओढत नेतो, तरी वाटतं की त्याला येतंय. पत्ता पुढे सरकवण्याआधी प्रत्येकाकडून एकट्याने म्हणवून घ्या. धाकट्याला दोन ओळी पुरेत, त्याही तोंडीच.

एक कळकळीचं सांगणं. मुलांना शिकवणं ही तुमची स्वतःची उपासना नव्हे. दहाच मिनिटं असोत, पण पहाटेच्या कामाआधीची, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. संगणक एकदा उघडला की ती वेळ परत हाती लागत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीचंच करा. थकबाकी साचली की माणूस सगळंच सोडतं. आणि प्रार्थना म्हणायला लावणं ही शिक्षा कधीच असू नये, मुलांच्या मनात ती गाठ फार लवकर बसते.

ओवी

दोघींचे आभार. मीटिंग घरात दुसरं कुणी नसताना आली तर धाकट्याचं काय करायचं?

पाटीवाली

त्याला घड्याळ वाचता येत नसेल, तर वीस मिनिटांचं वाळूचं घड्याळ त्याच्यासमोर ठेवा. फक्त मीटिंगलाच निघणारी एक पेटी करा: चिकणमाती, ठोकळे, चित्रांची पुस्तकं. एरवी ती कपाटात वर राहू द्या, रोज हाताशी आली की तिचं अप्रूप जातं. मीटिंगच्या आधी खाणं, पाणी, शू हे उरकून घ्या आणि पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. टेबलावर लाल पुठ्ठा म्हणजे थांबायचं, हिरवा म्हणजे विचारायला हरकत नाही. रक्त आलं किंवा काही सांडलं, तर लाल असतानाही यायचं, हे आधी बजावून ठेवा. वाळू संपली की खरंच उठून त्याच्याकडे जा, दोन मिनिटं का होईना. एक-दोनदा चुकलात तर त्या पुठ्ठ्याला तो जुमानणार नाही. मीटिंग वीस मिनिटांहून लांबणार असेल, तर मध्ये एकदा घड्याळ उलटं करायला जाईन, हे सहकाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा.