केन ड्रायडनला विसरलात की!

‘कॉलेजात चार वर्षं काढली की गोलकीपर मागे पडतो’ हे आइस हॉकीबद्दलचं म्हणणं काही पटलं नाही. गोलकीपर केन ड्रायडनचंच बघा ना. १९६४ मध्ये बॉस्टनच्या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं, लगेच त्याला खेळवण्याचे हक्क मॉन्ट्रियलच्या संघाकडे गेले. पण पठ्ठ्या गेला कॉर्नेल विद्यापीठात, इतिहास शिकायला! तिथे ७६ विजय, फक्त ४ पराभव, १ बरोबरी. शिवाय १९६७ चं राष्ट्रीय विजेतेपद.

१९७१ मध्ये मॉन्ट्रियलकडून नियमित हंगामातले जेमतेम ६ सामने खेळून तो थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत उतरला. समोर गतविजेता बॉस्टनच, बॉबी ऑर आणि फिल एस्पोझिटो या बड्या खेळाडूंसकट. मॉन्ट्रियलने ती मालिका सातव्या सामन्यात काढली, पुढे स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही जिंकलं आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला हाच. सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला तो त्याच्या पुढच्या वर्षी. सगळा उलटा कारभार!

मला मात्र जास्त भारी वाटतं ते १९७३-७४ चं प्रकरण. करारावरून बिनसलं, तर गडी अख्खा हंगाम सोडून टोरांटोत वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायला गेला. परतल्यावर आणखी ४ कप, आणि १९७९ मध्ये निवृत्ती. वय अवघं ३१.