फुप्फुसं म्हणजे नुसता भाता नव्हे
कोणीतरी लिहिलंय की आवाज कंठात तयार होतो, फुप्फुसं फक्त हवा पुरवतात. पहिलं बरोबर आहे, पण त्या ‘फक्त’बद्दल थोडं सांगावंसं वाटतं.

बोलताना आपण श्वास झटकन घेतो आणि पुरवून पुरवून सोडतो. भरलेली फुप्फुसं मात्र आपणहून आकसू पाहतात. त्यांना मोकळं सोडलं तर दोन-चार शब्दांतच हवेचा जोर ओसरेल. म्हणून वाक्याच्या सुरुवातीला, श्वास आत घेणारे बरगड्यांमधले स्नायूच ब्रेक लावून धरतात. वाक्य लांबलं की पोटाचे स्नायू हवा ढकलू लागतात. त्यामुळे कंठातल्या स्वरतंतूंखालचा हवेचा दाब बराचसा एकसारखा राहतो. मला तर ही कसरत स्वरतंतूंच्या कंपनाइतकीच विलक्षण वाटते.

आपल्या व्याकरणाने हा श्वास नावातच टिपलाय: अल्पप्राण (कमी श्वासाचे, जसे ‘क’), महाप्राण (जास्त श्वासाचे, जसे ‘ख’, ‘घ’, ‘भ’). तोंडासमोर तळहात धरून ‘कार’ आणि ‘खार’ म्हणून बघा, ‘ख’ला झोत लगेच जाणवेल. ‘घ’, ‘भ’ यांची तऱ्हा वेगळी. तिथे स्वरतंतू कंप पावतात, पण पुरते मिटत नाहीत, आणि फटीतून हवा निसटत राहते.